बेसबॉलचं फुटेज: दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये काय दिसतं आणि काय राहून जातं?

अमेरिकन खेळांच्या क्लिप्स पाहत असाल, तर ही एक क्लिप कधी ना कधी तुमच्यासमोर आली असेल. रात्रीची वेळ, खच्चून भरलेलं स्टेडियम. बॅटरने मारलेला चेंडू जमिनीवरून टप्पे खात येतो. मिशीवाला एक खेळाडू तो अडवायला वाकतो आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून मागे निघून जातो. मैदानात एकच जल्लोष. क्लिप संपली.

तो खेळाडू म्हणजे बोस्टन रेड सॉक्सचा बिल बकनर. तारीख २५ ऑक्टोबर १९८६, ठिकाण न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना सुरू होता. वर्ल्ड सिरीज म्हणजे वर्षाची अंतिम लढत. त्यात जो संघ आधी चार सामने जिंकेल तो विजेता. बोस्टन ३-२ ने पुढे होतं आणि १९१८ नंतर त्यांनी एकदाही ही सिरीज जिंकलेली नव्हती.

क्लिप पाहणाऱ्याला वाटतं, बकनरने चेंडू सोडला आणि बोस्टन वर्ल्ड सिरीज हरलं. प्रत्यक्षात काय झालं? दहाव्या इनिंगमध्ये बोस्टन ५-३ ने पुढे होतं. मेट्सचे दोन गडी बाद झाले होते, एक बाद झाला की खेळ खलास. तिथून बोस्टनच्या पिचरने लागोपाठ तीन हिट दिल्या आणि ५-४ झालं. मग बॉब स्टॅनलीचा एक चेंडू इतका भरकटला की कॅचरला तो अडवता आला नाही, तेवढ्यात एक रन निघाली आणि ५-५ अशी बरोबरी झाली. म्हणजे बकनरकडे चेंडू येण्याआधीच आघाडी गेली होती. त्याच्या चुकीने मेट्स ६-५ ने जिंकले, पण सिरीज ३-३ अशी बरोबरीतच आली. सातवा सामना दोन दिवसांनी झाला, त्यात बोस्टन एका टप्प्यावर ३-० ने पुढे होतं आणि तरीही ८-५ ने हरलं.

यातलं काहीही त्या दहा सेकंदांत नाही. क्लिप खोटी नाही, ती उशिरा सुरू होते आणि लवकर संपते एवढंच. बेसबॉलचं गाजलेलं फुटेज तपासायला लागलं की असं वारंवार दिसतं. कॅमेरा कुठे होता, रीळ कोणी जपून ठेवलं, आवाज कुठून आणला, दाखवायची परवानगी कोणाकडे होती, यावर लोकांच्या आठवणी ठरलेल्या आहेत.

आधी खेळ थोडक्यात

पिचर चेंडू टाकतो, बॅटर मारतो. मैदानावर चार बेस असतात. ते सगळे फिरून परत आलं की एक रन. नऊ इनिंग्ज असतात, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आपापले तीन गडी बाद होईपर्यंत खेळतात. बरोबरी झाली तर जादा इनिंग. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर होमरन, म्हणजे आपला षटकारच समजा. बॅटरच्या मागे कॅचर बसतो आणि पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे पिचरला बोटांच्या खुणांनी सांगतो. या खुणा लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरून मोठं रामायण घडणार आहे.

कॅमेरा मैदानात कधी आला?

फार लवकर. थॉमस एडिसनच्या कंपनीने १८९८ मध्येच ‘द बॉल गेम’ नावाची छोटी फिल्म काढली होती. त्यानंतरची काही दशकं न्यूजरीलची. चित्रपटगृहात मुख्य सिनेमाच्या आधी बातम्यांची फीत दाखवत, त्यात वर्ल्ड सिरीजचे दोन-चार मिनिटांचे तुकडे असत. पूर्ण सामना कोणी चित्रित करत नसे. फिल्म महाग, आणि दोन तास कोण बघणार?

टीव्हीवर पहिला बेसबॉल सामना दिसला तो १७ मे १९३९ रोजी. कोलंबिया आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांचा सामना न्यूयॉर्कमध्ये एकाच कॅमेऱ्याने दाखवला गेला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरून मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीचे सामने पहिल्यांदा प्रक्षेपित झाले. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये टीव्ही संच असणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती.

कॅमेरा असला म्हणजे वाद मिटतो असंही नाही. १ ऑक्टोबर १९३२ ला शिकागोच्या रिगली फील्डवर बेब रूथने बॅटिंग करताना हात पुढे केला आणि त्यानंतर होमरन मारला. ‘मी चेंडू तिकडे मारणार’ असं त्याने आधीच बोट दाखवून सांगितलं होतं, ही दंतकथा तिथून सुरू झाली. प्रेक्षकांतल्या दोघांनी घरगुती कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण कित्येक दशकांनी उजेडात आलं. रूथ हात वर करतो हे त्यात दिसतं. पण तो कुंपणाकडे बोट दाखवतोय, पिचरकडे, की त्याला चिडवणाऱ्या विरोधी खेळाडूंकडे, यावर लोक आजही भांडतात. फुटेज मिळाल्यावर भांडण संपायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला!

गोठलेल्या जमिनीत, दारूच्या तळघरात

जुनं फुटेज कुठे कुठे सापडलं हे पाहिलं तर ते टिकलं कसं याचंच नवल वाटतं.

कॅनडाच्या उत्तरेला डॉसन सिटी नावाचं सोन्याच्या शोधात वसलेलं गाव आहे. सिनेमाची रिळं गावोगाव फिरत शेवटी तिथे पोहोचत आणि परत पाठवणं परवडत नसल्याने तिथेच साठत. ही नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. १९२९ मध्ये त्यातली शेकडो रिळं जुन्या जलतरण तलावात भराव म्हणून पुरली गेली आणि त्यावर आइस हॉकीचं मैदान झालं. १९७८ मध्ये बांधकामासाठी खोदताना ती वर आली. थंडीने ५३३ रिळं वाचवली होती.

त्यातल्या एका न्यूजरीलमध्ये १९१९ च्या वर्ल्ड सिरीजची दृश्यं होती. ही साधी सिरीज नव्हती. शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन ती हरल्याचा आरोप झाला. कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, पण बेसबॉलने त्यांच्यावर तहहयात बंदी घातली. आपल्याकडे मॅचफिक्सिंग हा शब्द घराघरात पोहोचण्याच्या ऐंशी वर्षं आधीची ही गोष्ट. हे फुटेज २०१४ मध्ये इंटरनेटवर आलं तेव्हा लोक एकेक फ्रेम थांबवून पाहू लागले, की ही चूक खरी की मुद्दाम केलेली? बिल मॉरिसन यांच्या ‘डॉसन सिटी: फ्रोझन टाइम’ (२०१६) या माहितीपटात ही दृश्यं आहेत.

टीव्ही आल्यावर परिस्थिती सुधारायला हवी होती. झालं उलटंच. सुरुवातीला प्रक्षेपण साठवायचा एकच मार्ग होता, टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रण करायचं. याला किनेस्कोप म्हणत. व्हिडिओ टेप आली, पण ती इतकी महाग होती की जुना कार्यक्रम पुसून तिच्यावर नवा भरत. संपलेला सामना पुन्हा कोण बघणार, असा तेव्हाचा हिशेब. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक वर्ल्ड सिरीज सामन्यांचं मूळ प्रक्षेपण अर्धवट आहे किंवा अजिबात नाही.

८ ऑक्टोबर १९५६ ला डॉन लार्सनने एकाही प्रतिस्पर्ध्याला बेसवर पोहोचू दिलं नाही. वर्ल्ड सिरीजमधला तो एकमेव परफेक्ट गेम. त्याचं किनेस्कोप एका संग्राहकाकडे निघालं आणि १ जानेवारी २००९ ला एमएलबी नेटवर्क ही वाहिनी सुरू झाली त्या दिवशी दाखवलं गेलं. पहिली इनिंग मात्र त्यात नाही, ती गेली ती गेलीच.

त्याहून भारी गोष्ट बिंग क्रॉस्बीची. हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय गायक-अभिनेता आणि पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा भागीदार. १९६० मध्ये त्याचा संघ बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत पोहोचला. आपण बघितलं की संघ हरतो, अशी अंधश्रद्धा आपल्याकडे प्रत्येक घरात एकाला तरी असते. क्रॉस्बीची तीच गत. तो थेट पॅरिसला निघून गेला आणि तिथे रेडिओवर सामना ऐकला. पण जिंकलोच तर बघता यावा म्हणून त्याने प्रक्षेपणाचं किनेस्कोप करून ठेवायची व्यवस्था केली होती. १३ ऑक्टोबर १९६० ला बिल मॅझेरॉस्कीने शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारला आणि पिट्सबर्ग १०-९ ने जिंकलं. क्रॉस्बीने परत येऊन ती फिल्म पाहिली आणि ठेवून दिली. १९७७ मध्ये तो वारला. डिसेंबर २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या त्याच्या घरात, वाइनच्या कोरड्या, थंड तळघरात पाच रिळांमध्ये अख्खा सामना सापडला. त्या सामन्याची पूर्ण प्रत तोवर कुठेच नव्हती.

जाता जाता, टेप रेकॉर्डर बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीत सुरुवातीच्या काळात ५० हजार डॉलर घालणारा माणूसही हाच क्रॉस्बी.

आणि जे कोणी चित्रितच केलं नाही?

हरवलेलं निदान सापडू शकतं. जोश गिब्सनचं तसं नाही.

१९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. ते नीग्रो लीग्ज नावाच्या वेगळ्या स्पर्धांमध्ये खेळत. गिब्सन हा त्यांचा सर्वांत दणकट बॅटर. तो जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी गेला. तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगमधली वर्णबंदी मोडली.

मे २०२४ मध्ये मेजर लीगने नीग्रो लीग्जची आकडेवारी अधिकृत नोंदीत सामावून घेतली आणि कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत गिब्सन टाय कॉबला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आला. हे शक्य झालं, कारण संशोधकांनी वर्षानुवर्षं जुन्या वर्तमानपत्रांतले, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतले धावफलक गोळा केले. आकडे असे परत मिळवता आले, फुटेज कुठून आणणार? न्यूजरील कंपन्यांचे कॅमेरे त्या मैदानांवर क्वचितच गेले. बेब रूथचे होमरन तुम्ही आत्ता फोनवर पाहू शकता. गिब्सनच्या बॅटिंगचं चित्रण इतकं तुटपुंजं आहे की तो मारायचा कसा, हे बहुतेक ऐकीव वर्णनांवरूनच कळतं. रेकॉर्ड बुकमध्ये पहिल्या नंबरवर असलेला माणूस सोशल मीडियावर जवळपास नाहीच, याला फुटेज हेच कारण.

चित्र एकीकडचं, आवाज दुसरीकडचा

३ ऑक्टोबर १९५१. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. शेवटच्या इनिंगमध्ये बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर होमरन मारला आणि जायंट्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले. या होमरनची कृष्णधवल क्लिप प्रसिद्ध आहे. सोबत समालोचक रस हॉजेस बेभान होऊन ‘जायंट्स जिंकले’ या अर्थाचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत असतो. पाहणाऱ्याला वाटतं, त्या दिवशी टीव्हीवर हेच दिसलं आणि ऐकू आलं.

तसं नाही. हॉजेस रेडिओवर बोलत होता. त्याचा आवाजही रेडिओ केंद्राने नाही, तर एका चाहत्याच्या घरच्या टेप रेकॉर्डरने वाचवला. त्याला कामावर जायचं होतं, म्हणून त्याने आईला रेकॉर्डिंग सुरू करायला सांगून ठेवलं होतं. चित्र न्यूजरीलचं. दोन्ही नंतर एकत्र जोडलं गेलं. आणि राष्ट्रीय टीव्हीवर ज्याने खरोखर समालोचन केलं तो अर्नी हारवेल? त्याचा आवाज कोणीच साठवला नाही. डॉन डिलिलोच्या ‘अंडरवर्ल्ड’ या कादंबरीची सुरुवात याच सामन्याने होते, इतकं या क्षणाला अमेरिकेत वजन आहे. हारवेलचे त्या क्षणीचे शब्द मात्र हवेत विरून गेले.

या क्लिपमध्ये न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. त्या मोसमात जायंट्स मैदानाच्या मागच्या बाजूच्या खोलीतून दुर्बिणीने प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरत होते आणि त्या बॅटरपर्यंत पोहोचवत होते. ही बातमी सबळ पुराव्यांसह छापून आली ती २००१ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. थॉमसनला त्या विशिष्ट चेंडूची आधी कल्पना होती का? तो नाही म्हणत राहिला.

एका उंदराने बदललेलं टीव्ही

२१ ऑक्टोबर १९७५, बोस्टनचं फेनवे पार्क. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, बारावी इनिंग, मध्यरात्र उलटून गेलेली. कार्लटन फिस्कने डावीकडे उंच फटका मारला. चेंडू कुंपणाबाहेर जाणार हे नक्की, पण सीमेच्या खांबाच्या आत पडणार की बाहेर? फिस्क बेसकडे पळायच्या ऐवजी उड्या मारत दोन्ही हातांनी चेंडूला ‘आत जा, आत जा’ असं खुणावू लागला. चेंडू खांबालाच लागला. होमरन! बोस्टन ७-६ ने जिंकलं.

कॅमेरामन लू जेरार्ड डाव्या भिंतीतल्या धावफलकाच्या आत बसला होता. नियमानुसार त्याने कॅमेरा चेंडूमागे फिरवायला हवा होता. त्याने नंतर सांगितलं की शेजारी एक मोठा उंदीर होता, त्याच्या धास्तीने त्याने कॅमेरा हलवलाच नाही. त्यामुळे कॅमेरा फिस्कवर राहिला आणि ते हातवारे टिपले गेले. तोवर खेळाचं प्रक्षेपण म्हणजे चेंडूचा पाठलाग. या दृश्यानंतर खेळाडूचा चेहरा, त्याची घालमेल, डगआउटमधले हावभाव टिपण्यावर भर वाढला. शेवटच्या ओव्हरमध्ये कॅमेरा चेंडूपेक्षा कर्णधाराच्या चेहऱ्यावर जास्त वेळ रेंगाळतो, ते याच वळणावरून पुढे आलेलं.

फिस्कची क्लिप बघून बोस्टनने ती सिरीज जिंकली असा अनेकांचा समज होतो. दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यात बोस्टन हरलं. विजेते सिनसिनाटी रेड्स. बकनरची क्लिप पराभवाची म्हणून लक्षात राहिली आणि फिस्कची विजयाची. दोन्ही सहाव्या सामन्यातल्या, आणि दोन्ही वेळा बोस्टन सातवा सामना हरलेलं!

सिनेमाने फुटेज कसं वापरलं?

फिस्कचं खरं फुटेज ‘गुड विल हंटिंग’ (१९९७) मध्ये आहे. रॉबिन विल्यम्सने रंगवलेला मानसोपचारतज्ज्ञ सांगतो की त्या सामन्याचं तिकीट हातात असताना एका मुलीसाठी त्याने ते मित्रांना देऊन टाकलं. तो बोलता बोलता खोलीतच बेस पळू लागतो आणि मध्ये मध्ये १९७५ चं प्रक्षेपण दिसतं. ब्रॅड पिटच्या ‘मनीबॉल’ (२०११) ची सुरुवात ऑक्टोबर २००१ च्या ओकलंड-यांकीज सामन्याच्या खऱ्या दृश्यांनी होते.

उलटही घडतं, सिनेमा खऱ्या दृश्याची जागा घेतो. असाध्य आजाराने खेळ सोडावा लागलेल्या लू गेरिगने ४ जुलै १९३९ ला यांकी स्टेडियमवर निरोपाचं भाषण केलं. त्याचे फक्त काही तुकडे न्यूजरीलमध्ये शिल्लक आहेत. १९४२ च्या ‘द प्राइड ऑफ द यांकीज’ मध्ये गॅरी कूपरने ते भाषण केलं, त्यात गेरिगचं ‘मी सर्वांत नशीबवान माणूस’ या आशयाचं वाक्य शेवटी आणलं. मूळ भाषणात ते सुरुवातीलाच होतं. लोकांच्या डोक्यात सिनेमाचाच क्रम बसला. तसंच १९१९ च्या घोटाळ्यातला जो जॅक्सन. तो डावखुरा बॅटर, पण ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (१९८९) मध्ये रे लियोटा उजव्या हाताने खेळतो.

केन बर्न्स यांची ‘बेसबॉल’ ही नऊ भागांची माहितीपट मालिका १८ सप्टेंबर १९९४ ला सुरू झाली. चारच दिवस आधी खेळाडूंच्या संपामुळे त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती. मैदानं रिकामी, आणि टीव्हीवर शंभर वर्षांचं जुनं बेसबॉल.

कॅमेऱ्याने चोरी, कॅमेऱ्यानेच पकडली

२०१७ ची वर्ल्ड सिरीज ह्यूस्टन ॲस्ट्रोजने जिंकली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांच्याच एका माजी पिचरने ‘द ॲथलेटिक’ या संकेतस्थळाला सांगितलं की संघ घरच्या मैदानावर खुणा चोरत होता. पद्धत अशी: मैदानातल्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटजवळच्या पडद्यावर थेट यायचं. कॅचरची खूण ओळखली की कोणीतरी कचऱ्याच्या डब्यावर धडाधड ठोके मारायचं. ठोका म्हणजे संथ किंवा वळणारा चेंडू, शांतता म्हणजे वेगवान.

बातमी आली आणि काही तासांत एका लोकप्रिय यूट्यूबरने सप्टेंबर २०१७ च्या सामन्याची क्लिप आवाज वाढवून ऐकवली. ठोके अगदी स्पष्ट. शिकागोचा पिचर डॅनी फरक्वार ते ऐकून थबकतो, कॅचरला बोलावून खुणा बदलायला लावतो, हेही दिसतं. दोन वर्षं ते फुटेज सगळ्यांसमोर होतं, पण काय ऐकायचं हे माहीत नव्हतं.

मग ॲस्ट्रोजच्याच एका चाहत्याने एक चिकाटीचं काम केलं. त्याने २०१७ च्या घरच्या ५८ सामन्यांतले ८,२०० हून अधिक चेंडू तपासले आणि त्यात १,१४३ वेळा ठोके असल्याचं जाहीर केलं. स्वतःच्या आवडत्या संघाविरुद्ध! जानेवारी २०२० मध्ये ॲस्ट्रोजला ५० लाख डॉलर दंड झाला, व्यवस्थापक आणि महाव्यवस्थापक वर्षभरासाठी निलंबित झाले. विजेतेपद काढून घेतलं नाही, यावर चाहते अजून धुसफुसतात. २०२२ पासून बोटांच्या खुणांऐवजी बटणांचं इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरायला परवानगी मिळाली. १९५१ च्या जायंट्सविरुद्ध असा आवाज-चित्राचा पुरावा मिळणं शक्यच नव्हतं, कारण तेवढं फुटेजच नाही.

क्लिप टाकली तर काढतात का?

आयपीएलची क्लिप टाकल्यावर पोस्ट उडालेली अनेकांनी अनुभवली असेल. बेसबॉलमध्ये हे अजून जुनं आहे. प्रत्येक प्रक्षेपणात एक ठरलेली सूचना वाचली जाते, की मेजर लीगच्या लेखी परवानगीशिवाय या सामन्याची चित्रं, वर्णन किंवा वृत्तांत वापरता येणार नाही.

कायदा इतका व्यापक नाही. सामना ही घडलेली घटना आहे, तिच्यावर कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो प्रक्षेपणावर, कारण कोणता कॅमेरा कधी दाखवायचा ही निवड कोणीतरी करतं. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने थेट प्रक्षेपण एकीकडे रेकॉर्ड होत असेल तर त्यालाही संरक्षण दिलं. स्कोअर मात्र सगळ्यांचा. बास्केटबॉलच्या एनबीएने पेजरवर स्कोअर पाठवणाऱ्या मोटोरोलाविरुद्ध लावलेल्या दाव्यात १९९७ मध्ये अपील कोर्टाने हेच सांगितलं. थोडक्यात, कालच्या सामन्याचं वर्णन मित्राला करायला लेखी परवानगी लागत नाही.

मेजर लीगने बराच काळ यूट्यूबवरच्या चाहत्यांच्या क्लिप्स कडकपणे काढायला लावल्या. पुढे स्वतःच क्षणचित्रं आणि जुने अख्खे सामने टाकायला सुरुवात केली. सगळं काढून टाकलं तर नव्या पिढीपुढे खेळ जाणार कसा, हे उशिरा का होईना लक्षात आलं असावं.

त्याचं नाव इथे नाही

१४ ऑक्टोबर २००३, रिगली फील्ड. शिकागो कब्ज १९४५ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये जाण्यापासून पाच गडी दूर होते, ३-० ने पुढे. सीमेलगत उडालेला एक झेल कब्जचा मोइसेस अलू घ्यायला गेला, तेव्हा कठड्याजवळच्या काही प्रेक्षकांनीही हात पुढे केले. कानाला हेडफोन लावलेल्या एकाचा हात चेंडूला लागला. झेल सुटला, अलू चिडला.

रिगलीवर तेव्हा मोठा स्क्रीन नव्हता. कोणाचा हात लागला हे मैदानातल्यांना टीव्ही पाहणाऱ्यांच्या फोनमुळे कळलं. टीव्हीवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा येत होतं. त्याच इनिंगमध्ये कब्जच्या शॉर्टस्टॉपने अगदी सोपा चेंडू सोडला, पिचर्स कोलमडले, एकूण आठ रन गेल्या. दुसऱ्या दिवशीचा सातवा सामनाही कब्ज हरले. पण शॉर्टस्टॉपची क्लिप कितीजणांनी पाहिली आहे? त्या प्रेक्षकाला सुरक्षारक्षकांच्या कड्यातून बाहेर काढावं लागलं, वर्तमानपत्रात नाव छापून आलं, घराबाहेर पोलीस ठेवावे लागले. त्याने पैशांचे सगळे प्रस्ताव नाकारले, मुलाखती दिल्या नाहीत आणि तो शांतपणे जगत राहिला. म्हणून आम्हीही नाव देत नाही. कब्जने २०१६ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर २०१७ मध्ये त्याला खेळाडूंना देतात तशी विजेतेपदाची अंगठी दिली.

ॲलेक्स गिबनी यांच्या ‘कॅचिंग हेल’ (२०११) या माहितीपटात हा प्रेक्षक आणि बकनर यांच्या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. बकनर २२ मोसम मेजर लीगमध्ये खेळला, त्याच्या नावावर २,७१५ हिट्स आहेत. दुखऱ्या घोट्यांमुळे शेवटच्या इनिंग्जमध्ये त्याच्या जागी सहसा दुसरा क्षेत्ररक्षक यायचा, त्या रात्री मॅनेजरने त्याला मैदानावर ठेवलं. हेही क्लिपमध्ये नाही. लोकांच्या टोमण्यांना कंटाळून तो पुढे कुटुंबासह दूर आयडाहोला राहायला गेला.

एप्रिल २००८ मध्ये बोस्टनने त्याला फेनवे पार्कवर मोसमाचा पहिला चेंडू टाकायला बोलावलं. तो डोळे पुसत पिचरच्या जागेपर्यंत चालत गेला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. तेही फुटेज उपलब्ध आहे. २०११ मध्ये ‘कर्ब युवर एन्थुझिॲझम’ या विनोदी मालिकेत त्याने स्वतःचीच भूमिका केली. भागाच्या शेवटी जळत्या इमारतीतून खाली टाकलेलं बाळ बकनर सूर मारून झेलतो. २७ मे २०१९ ला तो गेला.